तुम्ही विचारलंत म्हणून: तळ्याकाठच्या केंद्रात हॉटेल कशाला?

"ताई, आठे हाटेल कसाले जोयजे?"

आमच्या तळ्याकाठच्या सांस्कृतिक केंद्रात उपाहारगृह सुरू होतंय हे कळल्यापासून हा प्रश्न मला भाजीबाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. विचारणाऱ्यांचा सूर वाईट नसतो. केंद्र गावाने वर्गणी काढून उभं केलेलं आहे. तिथे वाचनालय आहे, भजनी मंडळाची खोली आहे, नाटकाच्या तालमी होतात. तिथे गल्ला मांडला की उद्या सगळाच धंदा होईल, ही भीती रास्त आहे. मी केंद्राच्या समितीवर आहे आणि या उपाहारगृहाचा आग्रह मीच पहिल्यापासून धरला, तेव्हा उत्तरही मीच दिलं पाहिजे.

माझं उत्तर असं, की खान्देशात गाणं आणि खाणं कधी वेगळं नव्हतंच. पोरींचा गुलाबाईचा सणच घ्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा असतो. डबा वाजला तर शेंगदाणे, फुटाणे. नाही वाजला तर शिरा, खीर. अर्ध्या पोरी तेवढ्यासाठीच येतात आणि त्या निमित्ताने पन्नास गाणी पाठ करून जातात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणतात, आणि घरात रस आणि खापराची पोळी असते, म्हणजे पालथ्या मातीच्या खापरावर भाजलेली मोठी, पातळ पुरणपोळी. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरताचा नैवेद्य होतो. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत त्या दिवशीच वांगं पुन्हा ताटात येतं. यातलं जेवण काढून घ्या आणि नुसती गाणी स्टेजवर म्हणा. आम्ही केंद्रात तेच करत होतो. कार्यक्रम चांगला व्हायचा, टाळ्या पडायच्या आणि लोक फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर जाऊन घरी पांगायचे. म्हाताऱ्या बायका गाऊन उठायच्या, त्यांच्याजवळ बसून दोन शब्द बोलायला कुणी थांबत नव्हतं. थांबणार तरी कुठे?

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं तेव्हा आमच्याकडेही पाहुणे उतरले होते. नागपूरच्या, कोल्हापूरच्या मंडळींनी एकच विचारलं, इथलं काय खायचं आणि कुठे? हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी मिळते, ती छानच असते. पण फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढी? हिरव्या मिरच्यांची डाळ-गंडोरी? ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी? हे सगळं घराघरांत आहे, बाहेर शोधायला गेलं तर हाताला लागत नाही. पाहुण्यांना मी शेजारच्या तीन स्वयंपाकघरांतून डबे गोळा करून वाढलं. त्यांना ते आवडलं, पण ज्याचं गावात कुणी ओळखीचं नाही त्याला खान्देशी जेवण मिळूच नये, हे मला पटेना.

मग मेनू काय ठेवायचा यावर समितीत खूप वाद झाला. एका गटाचं म्हणणं, पंजाबी, चायनीज, पावभाजी ठेवा, नाहीतर तरुण पोरं येणार नाहीत. मला ते मान्य नव्हतं आणि आजही नाही. ते सगळं स्टँडजवळ मिळतं आणि बरं मिळतं. केंद्राने तेच विकायचं तर केंद्र कशाला? शेवटी ठरलं ते असं: पदार्थ थोडे, आणि ज्याचा हंगाम त्याचंच ताट. भरीत फक्त थंडीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी केळीलाही मिळालं. तेव्हापासून बारा महिने कुठलंही जांभळं वांगं भाजून त्याला खान्देशी भरीत म्हणणारे वाढलेत. आपलं वांगं मोठं, हिरवट, पांढऱ्या रेघांचं, आत बी कमी. ते कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजायचं, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायचं, वर कांद्याची पात. उन्हाळ्यात ते वांगं तसं येत नाही, तर उन्हाळ्यात भरीत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तर त्याला कढी-फुणके वाढू.

आणि खापर. खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपामागे माझ्या मनात खापरच होतं. खापराची पोळी करणाऱ्या बायका आमच्या गावात आता मोजक्या उरल्यात, आणि त्यांतली सगळ्यांत हुशार आमची सुगरण मावशी सत्तरीच्या पुढची आहे. तिला करताना जवळ बसून बघा. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ केलेलं, सैल मळून, तेला-पाण्याचा हात लावत इतकं तिंबलेलं की ओढलं तर तुटत नाही, लांबतच जातं. पुरणाचा गोळा आत भरून ती पोळी थोडीशीच लाटते. मग ती दोन्ही हातांवर घेते, मनगटं फिरवत या हातावरून त्या हातावर टाकत राहते. पोळी कोपरापर्यंत पसरते आणि तिच्यातून हाताचा रंग दिसायला लागतो. तेवढ्यात ती चुलीवरच्या पालथ्या खापरावर एका झटक्यात अंथरते. सुरकुती पडत नाही. भाजून झाली की तिथेच घडी घालून काढते. हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही, व्हिडिओ बघून तर नाहीच नाही. पीठ कधी "आलं" हे तिच्या बोटांना कळतं, आणि शिकणारीच्या बोटांना ते कळायला तिच्या शेजारी बसून आठवडेच्या आठवडे पिठात हात घालावा लागतो.

आता वर्षातून एकदा आखाजीला चार पोळ्या करून कोण शिकणार? रोज चूल पेटली तर शिकतील. म्हणून उपाहारगृह बचत गटाच्या बायका चालवणार आहेत. मावशीच्या हाताखाली तरुण सुना आहेत आणि त्यांना शिकण्याच्या दिवसांचाही पगार आहे. यावरूनही बोलणं झालं, "शिकायचे पैसे कसले?" असं. मी म्हटलं, तबलजीला तालमीचे देतो ना? मग हिला का नको? स्वयंपाकघराची भिंत आम्ही अर्धीच ठेवलीय. वाचनालयातून निघालेल्या पोरांना खापर दिसलं पाहिजे, उभं राहून बघता आलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र तिथे विकली जाणार नाही, ती म्हणजे श्रावणात घरोघर बसवतात त्या कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट. काही उत्साही मंडळींनी श्रावणात "रोट महोत्सव" करू असं सुचवलं होतं. रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून घेतात, आणि तो प्रसाद भाऊबंदांतच खायचा असतो. त्याला किंमत लावणं मला सहन होणार नाही. कानबाईची गाणी केंद्रात जरूर होतील, इथल्या लोकगीतांचं वहीगायन होईल, डफ वाजेल. रोट ज्याच्या त्याच्या घरी.

दुसरा प्रश्न तळ्याचा, आणि तो सगळ्यांत जास्त भोई वस्तीतून येतो. त्यांचं पोट तळ्यातल्या माशांवर आहे. खरकटं आणि साबणाचं पाणी तळ्यात गेलं की जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको. मोठ्या शहरांच्या तळ्यांचं काय झालं ते आपण बघितलंय. म्हणून तळ्याकडे एकही मोरी काढलेली नाही. भांड्यांचं पाणी आधी तेलाचा तवंग अडवणाऱ्या टाकीत जातं, तिथून वाळू-खडीच्या वाफ्यात, त्यात कर्दळ लावलीय, आणि पुढे केळीच्या खुंटांना. त्याच केळीची पानं पंगतीला. राखेने भांडी घासायचं ठरवलंय, चुलीची राख आहेच. तवंगाची टाकी दर आठवड्याला उपसावी लागणार आहे. ते काम टाळलं तर बाकीचं सगळं वाया जाईल, म्हणून ती जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून दिलीय.

रविवारी मासे शिजतील, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. काहींना केंद्रात मासे नकोत. मी त्यांचा मान ठेवते, त्यांच्यासाठी भांडी वेगळी आहेत, वाढणारे हात वेगळे आहेत. पण ज्या तळ्याच्या काठावर बसून आपण जेवणार, त्या तळ्यावर जगणाऱ्यांचा मासा तिथे शिजायचा नाही, तर ते केंद्र गावाचं कसं म्हणायचं? काळा मसाला घालून केलेला रोहूचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी. मिरची नंदुरबारची, आंबटाला धडगावचं आमचूर, शाकाहारी ताटातल्या वरणाला नवापूरची तूरडाळ. सातपुड्यातल्या बायकांकडून आमचूर थेट घ्यायचं ठरलंय. मधला दलाल गेला की त्यांच्या हातात चार पैसे जास्त पडतात.

चालेल का, असंही विचारतात. पहिलं वर्ष जड जाईल. समितीने भाडं माफ केलंय, वीजबिल बायकांनी भरायचं. लग्नसराईत यांतल्या बायका स्वयंपाकाला बाहेर जातील, तेव्हा दोन चुली बंद राहतील. पावसाळ्यात पऱ्हाट्या कोरड्या ठेवायला पत्र्याची शेड हवी, ती अजून झालेली नाही. वर्गणी द्यायची असेल तर त्या शेडसाठी द्या.

आखाजीच्या दिवशी उघडतोय. सकाळी सगळ्यांना आपापल्या घरी पितरांसाठी घागर पूजायची असते, म्हणून चूल दुपारनंतर पेटेल. झोके केंद्राच्या आवारातल्या निंबाला बांधणार आहोत. जुनी गाणी येणाऱ्या आज्यांना घेऊन या, त्यांचं ताट आमच्याकडे. खापराची पोळी हवी असेल तर आदल्या दिवशी किती माणसं ते सांगून ठेवा. पुरणाची डाळ रात्री मोजून ठेवावी लागते, आणि मावशीच्या हातून एका वेळी एकच पोळी होते.