नॅशनल पार्कात कधी यायचं? उन्हाळ्यात या!

मी मुंबईत बोरिवलीला राहते आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नॅशनल पार्कात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भटकते हे एकदा कळलं, की समोरचा माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "बिबट्या दिसतो का हो?" दुसरा, "आम्हालाही एकदा यायचंय, कधी यावं?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो, "पावसाळ्यातच ना?"

बिबट्याचं नंतर बघू. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे. एकदाच येणार असाल तर पावसाळ्यात नका येऊ, होळीच्या आसपास या. दोनदा जमणार असेल तर मेच्या अखेरीला पुन्हा या. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. "उन्हाळ्यात? तेव्हा तर सगळं वाळलेलं असतं!" वाळलेलं असतं, म्हणूनच तर दिसतं.

जुलैत आत शिरलात की काय दिसतं, ते खरंखरं सांगते. हिरवं. पुढे हिरवं, मागे हिरवं, आणि दहा पावलांपलीकडे काहीच नाही. चष्म्यावर वाफ, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने डास मारायचे. पक्षी ओरडत असतात, पण ते पानांच्या आड. दुर्बीण पिशवीतच राहते. त्यात रविवारची गर्दी आणि कुणीतरी बरोबर आणलेला ब्लूटूथचा डबा. (जंगलात येऊन लाऊडस्पीकर लावणाऱ्यांविषयी माझी मतं इथे छापण्याजोगी नाहीत.) दहिसर नदी याच डोंगरात, तुळशी तलावाच्या बाजूला उगम पावते. वर जोराची सर आली की खालचे ओढे बघता बघता चढतात आणि दगडांवर शेवाळ असतं ते वेगळंच. पाऊस सुंदर असतो, नाही म्हणत नाही. पण पावसात आपण पाऊस बघतो. जंगल बघायचं राहूनच जातं.

मुळात हे जंगल पानगळीचं आहे. बोरिवली, ठाणे, मुलुंड, गोरेगाव अशा सगळ्या बाजूंनी शहराने घेरलेलं, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. विहार तलाव 1860 सालचा, तुळशी 1879चा. मुंबईला पाणी प्यायचं होतं म्हणून या तलावांचा पाणलोट राखला गेला आणि त्याच्या आधाराने झाडं राहिली. इथे वर्षाला साधारण 2500 मिलीमीटर पाऊस पडतो, पण तो सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळजवळ थेंब नाही. इथल्या प्रत्येक झाडाला हे आठ महिने काढायचे असतात आणि जो तो आपापल्या पद्धतीने काढतो. त्या पद्धती बघायच्या तर उन्हाळ्यातच यायला हवं.

सुरुवात कुंभीपासून होते. थंडी सरता सरता तिची पानं लाल होतात. एरवी ज्या झाडाकडे कुणी ढुंकून बघत नाही ते दोन आठवडे भाव खाऊन जातं. मग पानं गळतात, आणि मार्चमध्ये पांढऱ्या पाकळ्यांची, गुलाबी केसरांची झुबकेदार फुलं येतात. ती रात्री उमलतात आणि सकाळी खाली पडलेली असतात. म्हणून लवकर यायचं. नऊच्या पुढे आलात तर कोमेजलेला सडाच मिळेल.

फेब्रुवारीत काटेसावर. एक करा: फुललेली सावर गाठा आणि तिच्याखाली अर्धा तास नुसते उभे राहा. अंगावर एक पान नाही, सगळ्या फांद्यांवर तळहाताएवढी लालभडक फुलं. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, हळद्या, खारी, जो येतो तो त्या पेल्यांत तोंड घालतो. पोपट मात्र फाडून फेकतात. वर अशी पंगत बसलेली आणि खाली चितळं उष्ट्यावर, कारण पडलेली मांसल फुलं त्यांना फार आवडतात. पानं नसल्यामुळे कोण काय खातंय ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पक्षिनिरीक्षण शिकायचंय म्हणणाऱ्यांना मी पुस्तक घ्यायच्या आधी सावर दाखवते.

त्याच सुमाराला पळस आणि पांगारा. पळस सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे त्याच्यावर वेळ घालवत नाही. कौशी मात्र आवर्जून दाखवते. निष्पर्ण झाडावर पोवळ्याच्या रंगाची नळीसारखी फुलं येतात आणि त्यांच्यावर शिंजिरांची, म्हणजे मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांची झुंबड असते. एरवी हे झाड जंगलात हरवलेलं असतं. आणि कुसुम! मार्चमध्ये कुसुमाला पालवी फुटते ती तांबडीलाल. लांबून बघणाऱ्याला वाटतं झाड फुललंय. ती कोवळी पानं आहेत. त्यांतलं लाल रंगद्रव्य कोवळेपणी कडक उन्हापासून त्यांचं रक्षण करतं, मग हळूहळू ती हिरवी होतात. पाऊस अजून तीन महिने लांब असताना, जमीन भेगाळलेली असताना, हे झाड नवी पानं काढतं. ते पाणी त्याने खालून कुठून खेचून आणलेलं असतं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तिथेच बसकण मारली होती.

या दिवसांत मी पाहुण्यांना कांडोळापाशी नेते. पांढरं, चकचकीत खोड, पापुद्रे सुटलेले, अंगावर एक पान नाही. अंधारात पाहिलं तर कुणीही दचकेल. ते सुटलेलं साल जरासं बाजूला केलं की आत हिरवं दिसतं. पानं टाकून दिली तरी हे झाड खोडाच्या त्या हिरव्या थरातून थोडं अन्न बनवतच असतं. मुलांना हे फार आवडतं. फक्त फळांना हात लावू देऊ नका, त्यांच्यावर कडक केस असतात आणि ते टोचतात.

पानं गेली की जमिनीचा आकारही उघडा पडतो. पावसाळ्यात जी नुसती झाडी वाटते तिच्यात घळी आहेत, सुकलेले ओढे आहेत, बसायला बैठकीसारखे कातळ आहेत. कान्हेरीला चढून मागे वळून बघा. पश्चिमेला बोरिवलीचे टॉवर, आणि त्यांच्या पायाशी येऊन थांबलेलं तपकिरी जंगल. कान्हेरीची शंभरावर लेणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं कोरली जात होती. पावसाळ्यात लोक तिथे धबधब्याखाली फोटो काढून परततात. मार्चमध्ये गेलात तर लेण्यांच्या दाराशी खोदलेली पाण्याची टाकी बघा, आणि वरच्या कातळावरून त्यांत पाणी आणणाऱ्या पन्हळी बोटाने शोधा. एवढ्या धो-धो पावसाच्या डोंगरात इतकी टाकी कशाला, असा प्रश्न जुलैत पडतो. मार्चमध्ये घसा कोरडा पडला की पडत नाही. त्या भिक्षूंना इथले आठ महिने माहीत होते.

आता उन्हाळ्याची वाईट बाजू. वणवा. वाळलेलं गवत आणि पाचोळा एका विडीने पेटतो. वनखातं हिवाळ्याच्या अखेरीला जाळरेषा काढतं, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलं गवत साफ करून टाकतं, म्हणजे आग लागलीच तरी ती तिथे अडते. तो काळा किंवा बोडका पट्टा बघून "जंगल तोडलं" म्हणून फोटो टाकू नका. दरवर्षी कुणीतरी टाकतं.

मेच्या अखेरीला पुन्हा या असं का म्हणते, त्याचं कारण पाठीला हिरवा, पोटाला पिवळसर, शेपटीखाली लाल आणि डोळ्यावर काळी पट्टी असलेला आहे. नवरंग. दक्षिणेकडून येतो तो इथे वीण करायला, पावसाच्या थोडासा आगेमागे. पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. एकाने घातली की पलीकडच्या घळीतून दुसरा उत्तर देतो. जून संपता संपता जंगल इतकं दाट होतं की शीळ ऐकू येते, पक्षी दिसत नाही. मेच्या शेवटी मात्र, पाचोळ्यात किडे शोधत टुणटुण उड्या मारताना तो दिसू शकतो. 2025 साली या बेताचा पावसाने विचका केला. तो 26 मेलाच मुंबईत दाखल झाला आणि ज्यांना मी मोठ्या तोऱ्यात "मेच्या शेवटच्या रविवारनंतर या" म्हटलं होतं ते भिजून घरी गेले.

पण त्याच पावसाने दुसरं काहीतरी ऐकवलं. या डोंगरांवर कारवी नावाचं झुडूप आहे, आठ वर्षांनी एकदा फुलणारं. 2008, 2016 आणि 2024 ही इथली फुलोऱ्याची वर्षं. 2024च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळे उतार बघायला लोकांची रीघ लागली होती. मीही गेले, डोळे निवले. फुलून झालं की कारवी मरते. पुढचा सगळा उन्हाळा तिच्या वाळक्या काड्या बोंडं धरून उभ्या असतात. त्याच्याकडे बघायला मात्र कुणी आलं नाही. पहिला पाऊस पडला, बोंडांत ओल शिरली की ती तडातड फुटतात आणि बिया लांब उडतात. एका काडीचा आवाज काहीच नाही, पण आख्ख्या उतारावर एकदम सुरू झालं की माणूस थांबतोच. वारल्यांच्या घरांच्या कुडाला याच कारवीच्या काड्या लागतात, वरून शेणमातीचा लेप. पुढचा फुलोरा आता 2032ला, तारखा लिहून ठेवणाऱ्यांनी लिहून ठेवा.

जूनच्या तोंडावर बोरिवली स्टेशनाबाहेर पालघर-वाड्याकडच्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. ही शेवळंही उन्हाळ्याचीच कमाई. कंद जमिनीखाली महिनोन् महिने निजलेला असतो, वळवाचा शिडकावा झाला की पानाआधी फुलाचा कोंब वर काढतो. उमललेल्या फुलाला कुजल्यासारखा वास येतो, म्हणून मिटलेलीच घ्यायची आणि आतला पिवळा भाग काढून टाकायचा. नाहीतर घसा खाजतो. तरीही खाजतोच, म्हणून त्याच बाईकडे काकडाच्या हिरव्या आंबट फळांचा वाटा असतो, तो मुकाट्याने घ्यायचा. काकडाच्या आंबटपणाने खाज मरते. आमच्याकडे सोडे घालून करतात, सासरी वालाबरोबर. काकडाचं झाड पार्कातही भरपूर आहे, मी दाखवीन. पण तिथलं काही तोडायचं नाही, एक फळसुद्धा नाही. भाजी स्टेशनावरूनच.

ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचं थोडक्यात सांगते. तेरडा फुलतो तेव्हा कान्हेरीचे कातळ गुलाबी होतात, छान दिसतात. वाटेच्या दोन्ही अंगांना मोठ्या कोळ्यांची जाळी असतात, उंच माणसाला पुढे चालू द्यावं. ऑक्टोबरमध्ये उकडतं आणि गवताची कुसळं मोज्यांत घुसतात, पण फुलपाखरं तेव्हाच चांगली. आपलं राज्य फुलपाखरू, नीलवंत, सुपारीएवढ्या उन्हाच्या कवडशातसुद्धा लक्ष वेधून घेतं. डिसेंबर-जानेवारी हा लहान मुलांना आणि सासू-सासऱ्यांना घेऊन यायचा काळ. हवा गार, वाटा कोरड्या, बाहेरून आलेले वटवटे आणि माशीमार पक्षी झाडाझाडावर. कुणालाच तक्रार नसते. मला मात्र तो काळ जरा गुळगुळीत वाटतो.

बिबट्या. हो, आहेत, चांगले आहेत, आणि तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही त्याला दिसला असाल. वाटेवर पंजाचे ठसे दिसतात, कधी विष्ठा, तिच्यात बऱ्याचदा कुत्र्याचे केस. शहराच्या कडेला कचरा असतो, कचऱ्यावर कुत्री असतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. पाड्यांवरचे वारली वाघोबाला पुजतात आणि अंधार पडल्यावर एकट्याने फिरत नाहीत. दोन्ही गोष्टी आपणही केल्या तर बिघडत नाही. पोरांना पुढे पळू देऊ नका, आडवाटेला शिरू नका, सांजेच्या आत बाहेर पडा. आतल्या काही वाटांवर, उदाहरणार्थ शिळोंड्याला, परवानगी आणि बरोबर वाटाड्या लागतो. त्याची चौकशी पार्कातल्या निसर्ग माहिती केंद्रात करा, कुणा मित्राने पाठवलेल्या नकाशावर नको.

तर होळीनंतरचा कुठलाही रविवार. सोमवारी पार्क बंद असतं, त्यामुळे "सोमवारी सुट्टी टाकतो, गर्दी नसेल" हा बेत आधीच रद्द समजा. सकाळी फाटक उघडलं की आत, साडेदहाच्या आत बाहेर, कारण अकराचं ऊन सावरीखालीसुद्धा सोसत नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा मळक्या रंगाचा शर्ट. लाल-पिवळे टीशर्ट घरी ठेवा, तेवढे रंग झाडांवर आहेत. डबा आणा पण माकडांदेखत उघडू नका. आणि येताना फोन करा. कुसुम कुठल्या वळणावर पालवला आहे ते दर आठवड्याला बदलतं, मी सांगीन.