उंच, चष्मेवाला मुलगा

मी पुण्यात मिस्ट्री शॉपरचं काम करते, 2012 पासून. म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानात, बँकेत, पेट्रोल पंपावर जायचं, तिथली माणसं कशी वागतात, काय विचारतात, काय सांगायचं विसरतात ते सगळं डोक्यात ठेवून बाहेर यायचं आणि घरी बसून, कंपन्यांसाठी ही तपासणी करून देणाऱ्या एजन्सीच्या फॉर्मवर रिपोर्ट भरायचा. आपण कोण ते तिथे कुणाला कळता कामा नये, हा पहिला नियम. सुरुवातीला शोरूमचं एक ऑडिट केलं की 450-500 रुपये मिळायचे, जाण्यायेण्याचे वेगळे, आणि महिन्याला पंधरा-वीस कामं हमखास असायची. मुलीच्या दहावीच्या क्लासची फी मी याच पैशातून भरली आहे. मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला आणि सगळं एकदम थांबलं. ते नंतर सुरू झालं खरं, पण आधीसारखं कधीच झालं नाही. आता फोनवर मेसेज येतो तो 150 चा, कधी 120 चा, प्रवास त्यातच धरायचा.

आज लिहायचंय ते गेल्या ऑगस्टमधल्या एका दिवसाबद्दल. राखी होऊन चार-पाच दिवस झाले होते, पाऊस लागलेलाच होता, आणि मी बऱ्याच दिवसांनी एका दिवसात तीन कामं घेतली होती कारण एकेकट्या कामासाठी बाहेर पडणं आता परवडतच नाही.

सकाळी पौड रोडवरचा पेट्रोल पंप. तिथे बघायचं काय तर भरणारा मुलगा मशीनवर झिरो बघायला सांगतो का, हवा फुकट भरून देतात का, प्यायचं पाणी आहे का, बायकांचं टॉयलेट उघडं आहे की कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवलीय. (किल्ली ऑफिसातच होती. तेरा वर्षांत हे एक उत्तर मी किती वेळा लिहिलं असेल.) मग एका बँकेची शाखा, एफडीची चौकशी, तिथे फार काही घडलं नाही, काउंटरवरच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं.

तिसरं काम विमाननगरच्या मॉलमधलं बुटांचं दुकान. गाडी घरी लावली आणि वनाजहून मेट्रो पकडली, रामवाडीपर्यंत 30 रुपये, पुढे रिक्षाचे कमीत कमी 25, परतताना स्टेशनपर्यंत चालत यायचं ठरवलं म्हणजे फक्त मेट्रोचे 30. झाले 85. फी 150, त्यातून दहा टक्के टीडीएस जाऊन हातात 135. म्हणजे माझे 50 रुपये. त्यात दुकानातला पाऊण तास, प्रवासाचे दोन तास, आणि 64 प्रश्नांचा रिपोर्ट भरायला रात्रीचे किमान दोन तास. हा हिशोब मी मेट्रोत बसल्या बसल्या केला आणि उगाच केला असं वाटलं.

ब्रीफ असं होतं की चालायचे बूट बघायला आलेय म्हणून सांगायचं, विकत काही घ्यायचं नाही. अशा ऑडिटला आम्ही एन्क्वायरी ऑडिट म्हणतो. तीस सेकंदांत कुणी नमस्कार करतं का, पाय मापतात का, निदान तीन जोड दाखवतात का, मोजे सुचवतात का, मेंबरशिप कार्डाबद्दल सांगतात का, छातीवर नावाचा बिल्ला आहे का. आणि एक प्रश्न मला कायम खटकतो, 'कर्मचारी बसलेला आढळला का'. आढळला तर मार्क कापायचे. केरळनं 2018 मध्ये आणि तामिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला, आणि इथे आम्ही बसण्याचे मार्क कापतोय.

आत गेल्या गेल्या एक मुलगी पुढे आली, बावीस-तेवीस वर्षांची असेल. "या मॅडम, बसा." मला बसवलं, स्वतः खाली गुडघ्यावर बसून मापाच्या पट्टीवर माझे दोन्ही पाय ठेवले. दोन्ही. बहुतेक ठिकाणी एकच पाय मापतात किंवा मापतच नाहीत, नुसतं नंबर काय विचारतात. म्हणाली, "मॅडम, तुमचा उजवा पाय अर्ध्या नंबरनं मोठा आहे, तर नंबर मोठ्या पायाचा घ्या. आणि बूट घ्यायला सकाळी नका येत जाऊ, संध्याकाळपर्यंत पाय थोडा सुजतो, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो." सत्तेचाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. गुडघा दुखतो का विचारलं, मग चार जोड काढले आणि त्यातला सगळ्यात महागडा बाजूला ठेवून म्हणाली की हा पळणाऱ्यांसाठी आहे, तुम्हाला नको.

मोजे तिनं सुचवले नाहीत. मेंबरशिपचंही काही बोलली नाही. मी मनात नोंद करत होते.

चौथा जोड घालून मी आरशासमोर दोन पावलं चालले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "मॅडम, एक विचारू का, तुम्ही ऑडिटच्या आहात का?"

इतक्या वर्षांत मला हे तीन-चारदा विचारलंय, उत्तर तोंडात तयार असतं. "कसलं ऑडिट गं?" मी म्हटलं.

"नाही, असलात तरी राग नका मानू. तुम्ही घड्याळाकडं बघत आत आलात म्हणून वाटलं." मग मान खाली घालून ती बुटाची नाडी सोडवत बोलत राहिली. मागच्या महिन्यात त्यांच्या दुकानाचा रिपोर्ट फार वाईट आला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की एका उंच, चष्मा लावलेल्या मुलानं अटेंड केलं, नमस्कार केला नाही, फोनवर बोलत होता. "मॅडम, आमच्यात असा मुलगाच नाही. आम्ही पाच मुली आणि मॅनेजर सर, सर बुटके आहेत, चष्मा पण नाही. सरांनी वरती मेल केला, कुणी ऐकलं नाही. पूर्ण टीमचा इन्सेंटिव्ह गेला बघा, अठराशे अठराशे रुपये. मी उदगीरची. राखीला जाणार होते, एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे तर जाणं काही नाही, पण भाचरं आहेत, मोकळ्या हातानं कसं जायचं."

मी काय बोलणार होते? वाईट झालं म्हटलं, बूट नंतर घेते म्हटलं आणि बाहेर पडले. ती दारापर्यंत आली, "पावसाचं सांभाळून जा मॅडम" म्हणाली. मी तिच्याशी खोटं बोलले हे मला अजून टोचतं. कामाचा नियम आहे, तो नसता तर हे कामच होऊ शकत नाही, सगळं मान्य, तरी टोचतं.

रामवाडी स्टेशनवर बराच वेळ बाकावर बसून राहिले, दोन गाड्या सोडल्या. कारण तो उंच मुलगा कुठून आला ते मला माहीत होतं. आम्हा शॉपर लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात जूनमध्येच एकानं लिहिलं होतं की एन्क्वायरी ऑडिट असेल तर बाहेरून दुकानाचा जिओटॅग फोटो (ज्यात जागेची नोंद असते तो) काढा आणि बाकीचं घरी बसून भरा, 150 रुपयात एवढंच होतं. त्याखाली सात-आठ अंगठे पडले होते. मी काहीच लिहिलं नव्हतं. हेच दुकान त्यानं केलं असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही कुणी केलं. पण ज्यानं केलं त्याला दिवसात सहा-सात दुकानं उरकल्याशिवाय दिवसाचा खर्च निघत नसणार, आणि कुठला तरी मुलगा लिहायचा म्हणून त्यानं उंच, चष्मेवाला लिहिला. त्याचं काही गेलं नाही, पाच मुलींचं गेलं.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं हो. 2014-15 ला आमच्याकडून काहीतरी छोटं विकत घ्यायला लावायचे, बिल जोडायचं, पैसे परत मिळायचे, बऱ्याच ऑडिटला ऑडिओ रेकॉर्डिंग लागायचं, आणि एजन्सीत क्यूसीला, म्हणजे रिपोर्ट तपासायला, बसलेली बाई फोन करून उलटतपासणी घ्यायची, तुम्ही 4 वाजून 10 मिनिटांनी आत गेलात तर बिलावर 4.12 कसं, असं. तेव्हा चीड यायची. आता कळतं की त्या चौकशीमुळेच रिपोर्टला किंमत होती, आणि आमची फी खाली आली तशी ती बाईही गेली, रेकॉर्डिंगही गेलं.

रात्री रिपोर्ट भरला. जे घडलं तेच लिहिलं. मोजे, नाही. मेंबरशिप, नाही. ते खोटं लिहिलं असतं तर मी आणि तो घरी बसून भरणारा यात फरक काय राहिला असता. पण शेवटच्या रकान्यात मोठा परिच्छेद लिहिला, दोन्ही पाय मापले, महागडा जोड स्वतःहून बाजूला केला, वगैरे सगळं. आणि वेगळा मेल टाकला की या दुकानाचा मागचा रिपोर्ट कृपया तपासा, त्यात वर्णन केलेला कर्मचारी तिथे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एजन्सीच्या को-ऑर्डिनेटरचा फोन. "ताई, मागच्या रिपोर्टमध्ये काय होतं ते तुम्हाला कसं कळलं? तुम्ही ओळख दिलीत का?" दिली नाही म्हटलं, त्या मुलीनं आपणहून सांगितलं. "मग रिपोर्ट होल्डवर टाकावा लागेल." मी चिडले. म्हटलं, अरे तुझ्याकडे खोटा रिपोर्ट आलाय, तो पास झालाय आणि माझा खरा होल्डवर? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ताई, मी एकटा तीन राज्यं बघतो, महिन्याला किती रिपोर्ट येतात तुम्हाला कल्पना नाही, आणि क्लायंट पुढच्या क्वार्टरपासून पुण्यातली दुकानं चौदावरून चारवर आणतोय, बिलावर क्यूआर कोड छापतात तिथेच गिऱ्हाईक स्टार देतं, त्यांना ते फुकट पडतं. बिचारा तोही सकाळी नऊपासून फोनवरच होता.

पण क्यूआर कोडवर दोन्ही पाय मापले हे कोण लिहिणार? स्टार देणारा बिल करून गेलेला असतो, जो काही न घेता परत गेला त्याला कुणी विचारतच नाही. आणि आमच्याकडे नवीन माणसंही येत नाहीत. मध्यंतरी शेजारच्या काकूंच्या सुनेला मी हे काम सुचवलं तर काकू मला म्हणाल्या, ते टेलिग्रामवर रेटिंग द्यायला सांगून पैसे भरायला लावतात तेच ना, 1930 ला फोन कर. त्यांचं चुकलं नाही, त्या फसवणुकीत किती जणांचे पैसे गेलेत. खऱ्या कामात शॉपरकडून कधी एक रुपया मागत नाहीत, एवढंच सांगून मी विषय सोडला, कारण पुढे महिन्याला किती मिळतात विचारलं असतं तर काय सांगणार होते.

135 रुपये 71 दिवसांनी खात्यात आले. मागच्या रिपोर्टचं काय झालं ते मी तीनदा विचारलं, एकदाही उत्तर नाही.

आणि परवा, नोव्हेंबरात, फोनवर असाइनमेंट आली. तेच दुकान. एकाच शॉपरला सहा महिन्यांच्या आत त्याच दुकानात पाठवत नाहीत, पण पाठवायला आता माणसंच उरली नसावीत. फी 120, प्रवास त्यातच, फोटो बाहेरून चालेल. मी लिहिलं, 300 आणि जाण्यायेण्याचे वेगळे, मोज्यांचा एक जोड विकत घेऊन बिल जोडेन त्याचे पैसे परत, आणि जुलैचा रिपोर्ट रद्द केल्याचं लेखी. दोन निळ्या टिक आल्या आहेत. अजून काही आलेलं नाही.