बडोद्यातली जुनी घरं : आधी मालकाचं नाव

मंडळी, बडोद्यात नामवंतांनी वास्तव्य केलेल्या घरांची आपण यादी करतोय, त्यात दांडिया बाजार आणि रावपुरा या जुन्या वस्त्यांचा पट्टा आता बऱ्यापैकी बसलाय. या खेपेला 'कोण राहिलं' या रकान्याच्या आधी 'घर कुणाचं' हा रकाना घातला. मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

अरविंद निवास घ्या. अरविंद घोष, म्हणजे पुढचे योगी श्रीअरविंद, १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानाच्या नोकरीत होते, बडोदा कॉलेजात शिकवायचे, हे आपल्याला पाठ आहे. पण घर खासेराव जाधवांचं. खासेराव संस्थानातले अधिकारी, बंधू माधवराव इथल्या फौजेत लेफ्टनंट, आणि दोघांशीही अरविंदबाबूंचा घरोबा. पुढे सुरतेचं काँग्रेस अधिवेशन जहाल-मवाळ वादात मोडल्यावर, १९०८च्या जानेवारीत अरविंदबाबू पुन्हा बडोद्याला आले आणि योगी विष्णू भास्कर लेल्यांबरोबर तीन दिवस ध्यानाला बसले. ती खोली मात्र सरदार मजुमदारांच्या वाड्यात, अगदी वरच्या मजल्यावर. म्हणून दोन घरं, दोन मालक, दोन वेगळ्या नोंदी. पाहुण्याला वर्षानुवर्षं आपल्या छपराखाली ठेवून घेणारा माणूस यादीतून गळला, तर त्या घराचा इतिहास अर्धाच उरतो.

तांबेकर वाड्यात हा प्रश्न येत नाही, मालकाचंच नाव वाड्याला आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. आत गेलात तर घाई करू नका. चित्रं भिंतींवरच थांबत नाहीत, लाकडी दारांवर आणि छतावरही चढली आहेत. कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, आणि त्यांच्याच संगतीला इंग्रज-मराठा लढाई. आधी दाराजवळ उभं राहून फळीवरचा रंग कुठे टिकलाय, कुठे हात लागून झिजलाय ते बघा, मग छताकडे मान वर करा. एवढ्या चित्रांनी भरलेल्या खोलीत रोजची ऊठबस करणाऱ्या माणसांचा मला हेवा वाटतो.

यादीतली सगळ्यात जड नोंद १९१७ची. डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीवर रुजू व्हायला बडोद्यात आले आणि राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत जात लपवून, पारशी नाव सांगून, रोज दीड रुपया ठरवून ते राहिले. पहिल्या मजल्यावर जुन्या सामानाची अडगळ भरलेलं काळोखं दालन, आणि सोबतीला कुणी नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना खोली सोडावी लागली. संध्याकाळपर्यंत ते कामाठी बागेत बसून होते, मग मुंबईची गाडी. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात. नामवंतांनी वास्तव्य केलेल्या घरांची यादी करताना, ज्या शहरात त्यांना घर मिळालं नाही ती नोंदही त्याच पानावर हवी, असं माझं ठाम मत आहे. तिथे 'घर कुणाचं' हा रकाना मी कोरा ठेवलाय आणि पुढे बागेचं नाव लिहिलंय.

पुरावा धरताना माझा क्रम असा: त्या माणसाचं स्वतःचं लिखाण, त्या काळातल्या पत्रावरचा पत्ता, मग सिटी सर्व्हेचा (शहरातल्या जमीन-मोजणीच्या सरकारी नोंदीचा) उतारा आणि खरेदीखत, आणि त्यानंतर घरच्यांच्या आठवणी. भिंतीवरची पाटी सगळ्यात शेवटी. खरेदीखत मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याला बरोबर घ्या, चतुःसीमेच्या, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आहे ते सांगणाऱ्या ओळीत शेजाऱ्यांची नावं सापडतात आणि त्यावरून अख्खी आळी उलगडते.

आता मौलाबक्षांच्या घराकडे वळतोय. १८८६मध्ये संस्थानाची गायनशाळा सुरू करणारे ते उस्ताद. त्यांचे नातू, सूफी संत आणि संगीतकार हजरत इनायत खान, १८८२मध्ये बडोद्यातच जन्मले, आजोबांच्या घरी वाढले आणि १९१०मध्ये परदेशी गेले. कुणाच्या घरी त्या काळातलं, पत्ता असलेलं पाकीट किंवा भाड्याची पावती असेल तर नुसत्या पत्त्याच्या ओळीचा फोटो पाठवा. बाकीचा खासगी मजकूर झाकून टाकला तरी चालेल.