कलमाचा सांधा

१८ मे, रविवार

सकाळी साडेसहाला दिंडोरी रोडने निघालो आणि उन्हं तापायच्या आत पिकअप भरून परत आलो. मावसभावाने अठरा वर्षांची थॉमसन द्राक्षाची बाग यंदा काढून टाकली. आसपासच्या बागांत खरडछाटणी चालली होती तेव्हा याच्या रानात जेसीबी फिरत होता. तारा गुंडाळल्या, अँगल विकले आणि बांधावर खोडांचा ढीग उरला. परवा त्याचा फोन आला, "ताई, बंबाला नेतेस का? नाहीतर काडी लावतो." अठरा वर्षं ज्या खोडाला त्याने लेकरासारखं जपलं त्याला काडी लावताना त्याला काय वाटलं असतं ते मी विचारलं नाही. येते म्हणाले.

घरात गीझर आहे. तरी थंडी पडली, निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला, की आई बंबाचंच पाणी मागते. तांब्याचा बंब आहे, तिच्या लग्नातला. मधल्या नळीत हातभर लांबीची ढलपी टाकायची, वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतायचं, की तेवढंच कढत पाणी तोटीतून बादलीत. त्या पाण्याला धुराचा एक हलका वास असतो. मलाही आता त्याच्याशिवाय पौषातली अंघोळ अंघोळ वाटत नाही. सरपण मात्र आत्ताच भरावं लागतं. मृग लागल्यावर आणलेलं लाकूड दिवाळीपर्यंत नुसतं धुमसतं. लहानपणी पेठ नाक्याकडून डोक्यावर मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका दारात थांबायच्या. आई मोळीतली एक काटकी मोडून बघायची. कट्कन मोडली तर मोळी घ्यायची, नुसती वाकली तर नाही. तरी त्या बाईला पाणी आणि गूळ दिल्याशिवाय तिने कधी पाठवलं नाही.

दुपारभर अंगणात वर्गवारी केली. हे काम मला फार आवडतं. बाभळीच्या गाठी वेगळ्या, त्यांचा निखारा तास-तास टिकतो. गेल्या वर्षीच्या वादळात पडलेल्या गुलमोहराच्या फांद्या वेगळ्या, त्या हलक्या असतात आणि पेटवायला बऱ्या. उंबराची एक फांदी कुठून आली कोण जाणे, ती आईने बाजूला काढायला लावली. दत्ताचं झाड बंबात जाणार नाही. खाली विटा, वर पत्रा, चारी बाजू उघड्या, अशी थप्पी रचली. वारा आरपार गेला पाहिजे. प्लास्टिकने गुंडाळलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते.

द्राक्षाच्या खोडांचं काम मात्र वेगळं. छाटणीनंतर लावलेल्या बोर्डो पेस्टचे निळसर डाग अजून सालीवर होते. मोरचूद आणि चुना. शिवाय इतक्या वर्षांच्या फवारण्या. म्हणून तोंडाला फडकं बांधून आधी साल काढली. ती दोऱ्यांसारखी लांब लांब सुटते. साल जाळायची नाही, कचऱ्यात. उरलेलं लाकूड फक्त बंबात. त्यावर वांगंसुद्धा भाजायचं नाही आणि त्याची राख वाफ्यात घालायची नाही, असं मी ठरवलंय. ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, पटापट तुटले. खोडं कुऱ्हाडीने फुटली. एकच ठोकळा फुटेना.

चार घाव घातले. कुऱ्हाड अडकायची, सरळ चीर पडायचीच नाही. पाणी मारून नीट पाहिलं तर तो कलमाचा सांधा होता. खाली डॉगरिज या रानटी द्राक्षाचं मुळाकडचं खुंट, वर थॉमसन. कुणीतरी अठरा वर्षांपूर्वी पाचर करून काडी भरली, पट्टी बांधली, आणि दोन वेली एकमेकींत वाढत गेल्या. तिथे रेषा सरळ जातच नाहीत, एकमेकींभोवती वळून गाठ झाली आहे. कुऱ्हाड खाली ठेवली.

बाबा असते तर त्यांनी पहिल्या घावाआधीच ती ओळखली असती. सातपूरच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्न बनवायचे. ओतकामाआधी यंत्राच्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून ठसा घेतात आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओततात. नमुना सागाचा, कारण साग पावसाळ्या-उन्हाळ्यात फारसा हलत नाही. लोखंड थंड होताना साधारण शंभरात एक आटतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी मोजपट्टीच वेगळी असते, तिच्यावरच्या खुणा मुळातच लांबवलेल्या. तिसरीत असताना मी त्या पट्टीने वहीत आयत काढला होता. बाईंनी चूक म्हणून फुली मारली. बाबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "बाईंचंही बरोबर आहे, तुझंही. हा आयत अजून आटायचा आहे."

त्यांच्याकडे ठोकळा आला की ते आधी त्याच्या दोन्ही तोंडांना उरलेला ऑइलपेंट फासायचे. पाणी तोंडांकडून सगळ्यात भराभर उडतं आणि तिथूनच लाकूड तडकतं. मग तो माळ्यावर. इंचभर जाडीला एक वर्ष, हा त्यांचा हिशोब. मला ते सगळं माहीत होतं, तरी तीन वर्षांपूर्वी मी गणपतीसाठी घाईने शिरीषाचा चौरंग केला. फळ्या वखारीतून आल्या तेव्हा हाताला गार लागत होत्या, म्हणजे आत ओल होती. मी चारी बाजूंनी गोंद आणि स्क्रूने आवळून टाकल्या. मूर्ती बसली, दहा दिवस छान गेले. दिवाळीनंतर कोरडं वारं सुटलं आणि एका रात्री टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. मधोमध वीतभर चीर. वाळताना फळीला रुंदीत आकसायला जागाच ठेवली नव्हती मी. तो चौरंग अजून आहे, कुंड्या ठेवते त्यावर. बंबात घालायला हात होत नाही.

तर हा ठोकळा. जो कुऱ्हाडीने फुटत नाही तो पटाशीवर ठोकायच्या मोगरीला उत्तम. बाबांची बाभळीची मोगरी एका बाजूने झिजून तिरकी झाली आहे, तिने मारलं की पटाशी डावीकडे सरकते. दोन्ही तोंडं करवतीने सारखी केली. कापलेल्या भागात खालचं लाकूड थोडं घट्ट आणि वरचं सच्छिद्र दिसतं, मध्ये काळपट नागमोडी रेघ. किती वेळ बघत बसले. संध्याकाळी त्याला रंग फासला. दांड्यासाठी बाबांच्या खोक्यातला सागाचा तुकडा आहे, एकच, तो मी आजवर कशालाच वापरला नव्हता.

१९ मे, सोमवार

चार वाजता वळीव आला. पत्र्यावर दगड ठेवले होते म्हणून थप्पी वाचली, फक्त खालची ओळ शिंतोड्यांनी भिजली. ऊन पडलं की वाळेल.

रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठोकळा ठेवला. १ किलो ८४० ग्रॅम. दर महिन्याला वजन करायचं. घटायचं थांबलं की तो वाळला, त्याआधी पटाशी लावायची नाही. आकडा कुठे लिहावा म्हणून वही शोधत होते, तेवढ्यात आईने विचारलं, "किती भरलं?" मी सांगितलं. तिने चष्मा लावला, कालनिर्णयवर आजच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाखाली बारीक अक्षरात लिहिलं, "खोड १८४०". मग पानं उलटून जूनच्या १९ तारखेला पेन्सिलीने एक गोल केला.