पहाटे पाचचं दूध

कोडिंग कसं सुधारायचं हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर सल्ले देत फिरण्याइतका मी काही मोठा प्रोग्रॅमर नाही. नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झालेली मुलं-मुली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "सर, कोडिंग सुधारायला काय करू? लीटकोडवरचे सरावाचे प्रश्न सोडवू, का नवीन फ्रेमवर्क शिकू, का क्लाउडचं सर्टिफिकेट काढू?" मी उलट विचारतो, शेवटचा बग, म्हणजे कोडमधला दोष, कुठला सोडवलास, आणि तो मुळात आला कशामुळे होता? पहिल्याचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्याला बहुतेक जण अडखळतात. त्यांच्या वयाचा असताना मीही अडखळलो होतो.

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत. गावोगावच्या दूध संस्थांचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला आलेल्या शेतकऱ्याचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, आणि दर दहा दिवसांनी निघणारं बिल. मी लागून सहाएक महिने झाले असतील, तेव्हा एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. काही शेतकऱ्यांच्या नावावर दहा तारखेला सकाळचं दूध दोनदा दिसतंय आणि अकराची सकाळ कोरी. एकूण लिटर मात्र जुळतंय.

दोन दिवस मी कोड चाळत बसलो. ऑफिसात डझनभर नोंदी करून पाहिल्या, सगळ्या बरोबर. शेवटी सचिवच वैतागून म्हणाले, "अहो साहेब, पहाटे लवकर येतात त्यांचंच चुकतंय बघा. उशिरा येणाऱ्यांचं सगळं ठीक आहे."

सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. अकरा तारखेला पहाटे 5:10 ला घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी दहा तारखेच्या रात्री 11:40 चं. साडेपाचच्या आत जो आला तो आदल्या तारखेत, आणि बिल दहा तारखेला बंद होत असल्यामुळे आदल्या बिलात. मी ऑफिसात पोचायचो दहा वाजता. माझ्या टेस्टिंगमध्ये हे जन्मात सापडलं नसतं.

रिपोर्टसाठी नोंदी काढणाऱ्या क्वेरीत साडेपाच तास मिळवले, नोंदी जागेवर आल्या, तक्रारीचं तिकीट बंद केलं. पंधरा दिवसांनी पुन्हा सचिवांचा फोन. आता संध्याकाळचं चुकतंय! गावात नेट गेलं की संकलन केंद्रावरचा कॉम्प्युटर नोंदी स्वतःकडे साठवायचा आणि मागाहून पाठवायचा, त्या मात्र भारतीय वेळेतच. त्यांच्यातही मी साडेपाच तास मिळवत होतो, त्यामुळे संध्याकाळी साडेसहानंतरचं दूध थेट दुसऱ्या दिवसात. पहाटेचा घोळ उचलून मी संध्याकाळी नेऊन ठेवला होता.

टीम लीड मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बदल करायच्या आधी तुला काय वाटलं होतं, काय काय हलेल?" मला काहीच वाटलं नव्हतं. करून पाहिलं, चाललं, पुढे गेलो. मग त्यांच्या सांगण्यावरून नोंद आत येतानाच वेळ यूटीसीत बदलायची आणि तारीख काढताना एकाच जागी ती भारतीय वेळेत आणायची, अशी सगळी मांडणी केली. जुन्या नोंदी निस्तरायला आठवडा गेला. जाताना त्यांनी एक सवय लावून दिली. रन करायच्या आधी काय होईल ते वहीत एका ओळीत लिहायचं, आणि मगच रन करायचं.

ही वही मला कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडली. दर गुणिले लिटर करून बिल काढताना एक-दोन पैशांचे फरक येत होते, म्हणून 0.1 अधिक 0.2 करून पाहिलं. वहीत लिहिलं 0.3, स्क्रीनवर आलं 0.30000000000000004. एक तृतीयांश जसा दशांशात कधीच पुरा लिहून होत नाही, तसा 0.1 कॉम्प्युटरच्या बायनरीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 या अंकांत, पुरा मावत नाही. तेव्हापासून पैशांचे हिशेब मी पूर्णांकात, पैशांतच ठेवतो. दुसरी नोंद एका नावाची. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला 'क्षितिजा'ची लांबी विचारली. मी लिहिलं 3, उत्तर आलं 8. क, पाय मोडायचं चिन्ह, ष, वेलांटी, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, वेगवेगळं मोजलं जातं, आणि ते साठवायच्या यूटीएफ-8 पद्धतीत त्या प्रत्येकाला 3 बाइट लागतात, म्हणजे झाले 24. छापील बिलावर काही बायकांची नावं मध्येच का तुटत होती ते त्या दुपारी कळलं. ती रुंदी कुणीतरी इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून बाइटमध्ये ठरवली होती.

लिहिलं नाही की मन लबाडी करतं. उत्तर दिसलं की 'हो, हेच वाटलं होतं' म्हणून मोकळं होतं.

लीटकोड वाईट नाही. मुलाखतीला लागतंच, जरूर करा. फक्त तिथे प्रश्न नीट मांडून दिलेला असतो, आणि नोकरीत तो सचिवांच्या फोनवरून येतो. एआयबद्दलही हल्ली हमखास विचारतात. मी स्वतः रोज वापरतो, पण वहीतली ओळ लिहून झाल्यावर. त्याच्या उत्तराशी आपलं ताडून बघायला आपल्याकडे आधी काहीतरी असावं लागतं.

परवा सोलापूरच्या एका मुलाला तोच उलटा प्रश्न विचारला. म्हणाला, "सर, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि बग गेला."

"कशामुळे आला होता?"

"माहीत नाही."

"मग परत येईल. या वेळी रीस्टार्ट करायच्या आधी फोन कर."

त्याचा फोन काल रात्री आला.