आमची वाटचाल : दिलेली तारीख आणि मशीनवरचा माणूस

शिवाजी उद्यमनगरातील भाड्याच्या गाळ्यात वडिलांनी दोन जुन्या लेथवर ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायला सुरुवात केली, तेव्हा कोल्हापूरच्या कारखानदारीची ओळख ऑइल इंजिनांनीच होत होती. पुढे ती मागणी ओसरली, परिसरात धातू ओतणाऱ्या फौंड्र्या वाढल्या आणि आम्ही मोटारी व ट्रॅक्टरच्या कास्टिंगचे, म्हणजे ओतलेल्या भागांचे, मशिनिंग करू लागलो. गोकुळ शिरगावला स्वतःची शेड झाली, लेथच्या जोडीला संगणकाने चालणाऱ्या सीएनसी आणि व्हीएमसी आल्या, आणि गेल्या काही वर्षांत विमानाच्या भागांचे काम सुरू झाले. इथल्या अनेक कारखान्यांची वाटचाल अशीच आहे, म्हणून तिचे वर्णन एवढ्यावर थांबवतो. मला सविस्तर लिहायचे आहे ते एकाच विषयावर : गिऱ्हाइकाला द्यायची तारीख कोणी ठरवायची, आणि ती पाळता येणार नाही हे दिसू लागल्यावर ते कोणी, केव्हा आणि कोणाला सांगायचे. विमानाच्या धंद्यात शिरल्यापासून हा प्रश्न आमच्या रोजच्या व्यवहाराचा झाला आहे, आणि १९१६ साली स्थापन झालेल्या, विमाने बनवणाऱ्या बोइंगसारख्या अमेरिकी कंपनीची गेल्या काही वर्षांत जी अवस्था झाली, ती पाहून त्याबद्दलचे माझे मत पक्के झाले आहे.

विमानाच्या कामाकडे आम्ही वळलो त्याला आमचा मुलूखही कारणीभूत आहे. पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की बेळगावच्या अलीकडे हत्तरगीला विमानाच्या भागांसाठीचे विशेष आर्थिक क्षेत्र लागते, आणि ते उभे राहिल्यानंतर या पट्ट्यातील अनेक मशीन शॉपवाल्यांना आपणही हे काम करू शकू असे वाटू लागले. आम्ही विमानाच्या कामासाठी लागणारे एएस ९१०० हे दर्जाचे प्रमाणपत्र घेतले, तापमान नियंत्रित खोलीत सीएमएम हे अचूक मापे घेणारे यंत्र बसवले आणि कर्ज काढून अनेक बाजूंनी कापणारे पाच अक्षांचे मशीन आणले.

मोटारीच्या कामात हात मुरलेला असला तरी इथे बरेच नव्याने शिकावे लागले. तळहातावर मावेल एवढे ७०७५ ॲल्युमिनियमचे एक ब्रॅकेट घ्या. ज्या बारमधून ते कापले त्या बारचा हीट नंबर, म्हणजे तो धातू ज्या घाणात ओतला त्याचा क्रमांक, भागासोबत फिरणाऱ्या जॉब कार्डावर चढतो, कच्च्या मालाचे टेस्ट सर्टिफिकेट त्याला जोडले जाते, प्रत्येक ऑपरेशननंतर करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही होते, आणि भोकाच्या काठावरचा बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, काढल्यावर तो भाग भिंगाखाली पाहिला जातो. पहिला नग तयार झाला की ड्रॉइंगवरील एकूण एक माप फर्स्ट आर्टिकल रिपोर्टमध्ये, म्हणजे पहिल्या नगाच्या तपासणी अहवालात, भरावे लागते. एखादे ऑपरेशन पुन्हा करावे लागले, तर आधीच्या सह्या रद्द होतात आणि कार्डावर नवी ओळ उघडते. सुरुवातीला आमच्या जुन्या फिटरमामांना हा कागदांचा पसारा वाटे. आज तेच नव्या पोरांना, सही झाल्याशिवाय जॉब पुढच्या टेबलावर ठेवायचा नाही, असे बजावतात.

अशा एका ओळीची किंमत काय असते, हे ५ जानेवारी २०२४ रोजी साऱ्या जगाला दिसले. अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाच्या बाजूचा, न वापरल्या जाणाऱ्या दाराच्या जागी बसवलेला भाग उड्डाणानंतर काही मिनिटांतच निखळून पडला. विमानात १७७ माणसे होती आणि सुदैवाने सगळी वाचली. तपासात निघालेली हकिकत माझ्यासारख्या मशीन शॉपवाल्याच्या अंगावर काटा आणणारी आहे. विमानाचा सांगाडा पुरवठादाराच्या विचिटा येथील कारखान्यातून बोइंगच्या रेंटन येथील कारखान्यात आला तेव्हा त्या भागाजवळचे काही रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) सदोष होते. ते दुरुस्त करण्यासाठी तो भाग उघडला गेला, पण उघडल्याची नोंद कुठेच झाली नाही. नोंद नसल्यामुळे तो पुन्हा नीट बसवला की नाही, हे तपासण्याची पाळी कोणावर आली नाही, आणि त्याला जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट न बसवताच विमान ग्राहकाच्या ताब्यात गेले.

हे वाचल्यावर एखाद्या कामगाराला दोष देणे सोपे आहे, पण मला ते मान्य नाही. आधीच्या टप्प्यावर राहिलेले काम पुढच्या टप्प्यावर उरकत न्यायचे आणि लाइन चालूच ठेवायची, ही पद्धत मशीनवरचा माणूस ठरवत नाही. महिन्याला किती विमाने बाहेर पडली पाहिजेत हा आकडा वरून येतो आणि तो गाठण्यासाठी खाली कामाचा क्रम मोडला जातो. एनटीएसबी या तपास संस्थेनेही २०२५ साली आपला निष्कर्ष देताना कंपनीने पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख पुरवली नाही, असेच म्हटले. अपघातानंतर एफएए या नियामक संस्थेने ७३७ मॅक्सच्या उत्पादनावर महिन्याला ३८ विमानांची मर्यादा घातली. ती वाढवून ४२ करायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

बोइंगवरचा लोकांचा राग नुसत्या उशिरापोटी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याआधीचा इतिहास आठवावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचे आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे अशी दोन ७३७ मॅक्स विमाने कोसळली आणि ३४६ माणसे गेली. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एमसीएएस ही प्रणाली एकाच सेन्सरच्या चुकीच्या संकेतावर चालू झाली होती, आणि पहिल्या अपघातापर्यंत बहुतेक वैमानिकांना ती विमानात आहे हेसुद्धा माहीत नव्हते. जून २०२४ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डेव्ह कॅल्हून अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे आले, तेव्हा मृतांचे नातेवाईक त्यांच्या पाठीमागे फोटो हातात धरून बसले होते. कॅल्हून यांनी वळून त्यांची माफी मागितली. ज्यांनी पोटची पोरे गमावली, त्यांच्यापुढे उत्पादनाच्या आकड्यांची आणि शेअरच्या भावाची काय मातब्बरी?

मला सर्वांत जास्त बोचते ती विचिटाच्या कारखान्याची गोष्ट, कारण तिच्यात व्यवस्थापनाची सारी विचारसरणी दिसते. हा कारखाना मुळात बोइंगचाच. २००५ साली कंपनीने तो विकून टाकला, स्पिरिट एरोसिस्टिम्स ही स्वतंत्र कंपनी झाली, आणि विमानाचा सांगाडा ही बाहेरून विकत घ्यायची वस्तू बनली. दर खाली आणण्याचा तगादा एका बाजूला आणि दर्जाच्या तक्रारी दुसऱ्या बाजूला, अशी पुढची वर्षे गेली. शेवटी जुलै २०२४ मध्ये सुमारे ४.७ अब्ज डॉलरला ती कंपनी परत घेण्याचा निर्णय बोइंगला जाहीर करावा लागला. जॉबवर्क बाहेर द्यायला माझा विरोध नाही. आमचे पोटच त्यावर चालते. परंतु बाहेर दिलेल्या कामाची जबाबदारीही बाहेर गेली असे मानणारा मालक आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. उद्यमनगरात प्लेटिंगला माल पाठवणारा छोटा गाळेवालासुद्धा परत आलेला नग मायक्रोमीटरने मोजूनच पुढे पाठवतो, कारण गिऱ्हाईक त्याला ओळखते, प्लेटिंगवाल्याला नाही.

हीच गोष्ट बोइंगच्या ७८७ विमानाच्या वेळीही घडली होती. जगभरच्या पुरवठादारांकडून मोठमोठे भाग तयार करून आणायचे आणि आपण फक्त जोडायचे, अशी ती योजना होती. ८ जुलै २००७ रोजी मोठा समारंभ करून विमान लोकांसमोर आणले गेले, तेव्हा विमानांसाठीच्या फास्टनरचा, म्हणजे भाग जोडणाऱ्या बोल्ट-रिव्हेटांचा, तुटवडा असल्याने त्यात अनेक ठिकाणी तात्पुरते बोल्ट घातलेले होते. पहिले विमान २००८ मध्ये ग्राहकाला मिळायचे होते, ते सप्टेंबर २०११ मध्ये मिळाले. समारंभाच्या दिवशी जोडणीवर काम करणाऱ्या कोणत्याही फिटरला विचारले असते, तर जाहीर केलेली तारीख जमणार नाही हे त्याने सांगितले असते, असे मला वाटते. त्याला विचारले गेले नाही, किंवा विचारून ऐकले गेले नाही, यातच सगळे आले.

मोठ्या ७७७एक्स विमानाची घोषणा २०१३ मध्ये झाली आणि पहिले विमान २०२० मध्ये द्यायचे ठरले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने ती तारीख २०२७ वर नेली आणि त्यापोटी ४.९ अब्ज डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. या सात वर्षांतला सगळा उशीर मी एका मापाने मोजत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इंजिनाचा जोर विमानाच्या सांगाड्यापर्यंत पोहोचवणाऱ्या थ्रस्ट लिंक या भागात दोष आढळला आणि चाचणी उड्डाणे थांबवली गेली, हा उशीर मी योग्य मानतो. जॉब थांबवायला धैर्य लागते. माझा आक्षेप आहे तो पूर्ण होणार नाही हे ठाऊक असूनही वर्षानुवर्षे जाहीर होत राहणाऱ्या तारखांना, कारण त्या तारखांवर दुसऱ्यांचे संसार उभे असतात. आपल्याकडे आकासा एअरने २०२१ मध्ये ७२ आणि जानेवारी २०२४ मध्ये आणखी १५० मॅक्स विमाने मागवली, त्या हिशेबाने वैमानिक भरती केले, आणि विमाने वेळेवर न आल्याने त्यांतील अनेकांना उड्डाणांविना बसून राहावे लागले.

आणि ज्यांच्या हातून विमान बनते त्यांचे काय? २०१३ ते २०१९ या काळात बोइंगने सुमारे ४३ अब्ज डॉलर स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात घातले. कंपनीचे मुख्यालय २००१ मध्ये सिॲटलहून शिकागोला आणि २०२२ मध्ये व्हर्जिनियातील आर्लिंग्टनला गेले, म्हणजे निर्णय घेणारा माणूस मशीनच्या आवाजापासून दूर दूर होत गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये ३३,००० कामगार संपावर गेले. पगारवाढीचा पहिला प्रस्ताव त्यांनी जवळजवळ ९५ टक्के मतांनी फेटाळला, आणि सात आठवड्यांहून अधिक काळ काम बंद राहिल्यावर चार वर्षांत ३८ टक्के वाढ देऊन संप मिटला. ऑगस्ट २०२४ पासून सूत्रे हाती घेतलेले केली ऑर्टबर्ग शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आहेत आणि त्यांनी सिॲटल भागात राहून काम करायचे ठरवले, ही मला त्या कंपनीबद्दल बऱ्याच दिवसांत वाचलेली पहिली चांगली बातमी वाटली.

आता आमच्याकडचे सांगतो. आमचे भाग कोणत्या विमानात जातात हे करारामुळे लिहिता येत नाही, आणि मधल्या गिऱ्हाइकाचे नाव मी घेणार नाही. त्यांनी वर्षभराचे शेड्यूल दिले, त्यावर विसंबून आम्ही बार मागवले, माणसे घेतली, आणि मग शेड्यूल एका तिमाहीवरून दुसऱ्या तिमाहीवर ढकलले जाऊ लागले. रॅकवर हीट नंबर लिहिलेले बार पडून राहिले, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचे व्याज चढत राहिले, आणि पाच अक्षांच्या मशीनचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जातच राहिला. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत हा २००६ चा कायदा माल पोहोचल्यानंतर लागू होतो. न उचललेल्या मालाला त्याचा काही उपयोग नाही. विचारणा केली की "पुढच्या महिन्यात नक्की" असे गोड उत्तर मिळे. सहा महिने उशीर होईल असे स्पष्ट कळले असते, तर त्या मशीनवर दुसरे काम घेता आले असते.

म्हणून आमच्या कारखान्यात आम्ही काही गोष्टी ठरवल्या. गिऱ्हाइकाला तारीख देण्यापूर्वी शिफ्ट सुपरवायझरची त्या कागदावर सही लागते, आणि त्याने आठ दिवस जास्त मागितले तर ते दिले जातात. मापात शंका आली तर मशीन थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला आहे. मी कारखान्यात हजर असलो तरी त्यासाठी मला विचारावे लागत नाही. डिस्पॅचच्या आदल्या संध्याकाळी जॉब कार्डावर एक जरी ओळ मोकळी असली, तरी ती पेटी गाडीत चढत नाही. मधल्या गिऱ्हाइकाकडून आम्हाला उशिराची सूचना आली की त्याच दिवशी ती आमच्या जॉबवर्कवाल्यांना कळवली जाते, कारण त्यांचेही हप्ते आहेत.

यातले शेवटचे आम्हाला पंचगंगेने शिकवले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, नदीपलीकडच्या फौंड्र्यांतील कास्टिंग आमच्यापर्यंत पोहोचेना, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच झाले. दोन्ही वेळा आम्ही पाणी चढायला लागताच सर्व गिऱ्हाइकांना फोन करून, रस्ता उघडल्यावर कोणता माल किती दिवसांनी मिळेल हे वेगवेगळे सांगितले. एकाही गिऱ्हाइकाने ऑर्डर काढून घेतली नाही. पुण्याच्या एका खरेदी अधिकाऱ्यांनी उलट स्वतःच्या लाइनचा क्रम बदलून आम्हाला सवड दिली.

सध्या त्या पाच अक्षांच्या मशीनवर निम्मा वेळ पंपांच्या इंपेलरचे (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाचे) आणि निम्मा वेळ विमानाचे काम चालते. विमानाच्या गिऱ्हाइकाशी नव्या करारात आम्ही दोन अटी घातल्या आहेत : पक्के शेड्यूल आणि अंदाजे शेड्यूल वेगळ्या रकान्यांत लिहून द्यावे, आणि अंदाजाच्या भरवशावर मागवलेला कच्चा माल ठरावीक मुदतीत उचलला गेला नाही तर त्याचे पैसे त्यांनी द्यावेत. पहिली अट त्यांनी मान्य केली आहे. दुसरीवर बोलणी चालू आहेत, आणि ती मान्य झाल्याशिवाय पुढचे बार मागवायचे नाहीत, असे आमचे ठरले आहे.