पश्चिमेची कमान

सकाळी चहाचं आधण ठेवलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून पश्चिमेकडे बघायचं, ही सवय मला कॅनडातल्या कॅल्गरी शहरातल्या दुसऱ्या हिवाळ्यात लागली. हवा स्वच्छ असली की तिकडे रॉकी पर्वताची दातेरी रांग दिसते. पण मी शोधत असते ती ढगांची कमान. करड्या ढगाची रेखीव कड आणि तिच्याखाली, डोंगरांच्या माथ्यावर, निळ्या आभाळाची पट्टी. ती दिसली की ओळखायचं, शिनूक येतोय.

शिनूक म्हणजे वारा. पॅसिफिककडची हवा डोंगर चढताना पाऊस-बर्फ पलीकडेच सांडते आणि कोरडी होऊन अलीकडे उतरताना तापत जाते, किलोमीटरमागे जवळजवळ १० अंश. ढगांनी महाबळेश्वरला रितं व्हावं आणि वाईच्या पुढे नुसता वारा पोचावा, तशातलाच प्रकार. फक्त आमच्या माणदेशात त्या कोरड्या वाऱ्याला शिव्या बसतात, इथे त्याची वाट बघतात.

परवा सकाळी उणे १८ होतं. दुपारी अधिक ७! पागोळ्या गळायला लागल्या, शेजारचे आजोबा अर्ध्या चड्डीत गाडी धुवायला उतरले. माझं मात्र डोकं ठणकत होतं. शिनूक आला की इथे पुष्कळांचं दुखतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "वारं कसलं बाधतंय, सुंठ उगाळून लाव."

१८७५ मध्ये बो आणि एल्बो नद्यांच्या संगमावर पोलिसांनी ठाणं बांधलं, त्याचं हे तेरा लाखांवर वस्तीचं शहर झालं. तेल कंपन्यांचे मनोरे वगैरे आहेतच. पण मला गंमत वाटते ती 'प्लस फिफ्टीन'ची. रस्त्यापासून १५ फुटांवर, इमारतीतून इमारतीत नेणारे काचबंद पूल. सगळी वाट मिळून सोळाएक किलोमीटर. शिनूकच्या भरवशावर न राहणाऱ्या शहाण्यांचं काम! १९८८ च्या इथल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये वाऱ्याने स्की जंपिंगच्या स्पर्धासुद्धा पुढे ढकलायला लावल्या होत्या.

परवाच्या उबेला भुलून मी जाड कोट वर माळ्यावर टाकला. काल सकाळी पागोळ्यांचे सुळके झालेले, अंगणातल्या चिखलाची काच झालेली आणि गाडीचं दार गोठून बसलेलं. नुसत्या स्वेटरवर उभी राहून ते ओढत होते, तेव्हा शेजारचे आजोबा कानटोपी घालून निवांत मीठ पसरत होते.

कोट आता दाराशीच टांगलाय. मे महिन्यापर्यंत तरी.